हजेरीतला गंधार

परंडा,
५ डिसेंबर २०२४

उमाशंकर सर,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहावं म्हणून दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं. प्रेम नाही, आणि नमस्काराला हातही मोकळे नाहीत. समोर एका भजनी मंडळाची पेटी उघडी पडली आहे. भाता फाटलाय, आत उंदरीण व्यायली आहे. तेव्हा नुसतंच लिहिते.

अभिनंदन. धाराशिवच्या समूहगान स्पर्धेत आपल्या, चुकले, तुमच्या मुरुमच्या शाळेचा पहिला नंबर आला. पेपरातली बातमी इरम्मानं फोटो काढून पाठवली. शाळेची खिचडी शिजवता शिजवता तेवढं एक काम ती माझ्यासाठी करते, तिला रागावू नका. फोटोत तुम्ही मधोमध, गळ्यात हार, मान जरा डावीकडं वळवलेली. खाली परीक्षकांचं म्हणणं छापलंय: ‘या मुलांचा गंधार पेटीचा नाही, तंबोऱ्यातून निघाल्यासारखा आहे. ज्या शिक्षकाच्या कानानं तो लावला त्या कानाला माझा सलाम.’

सर, हे वाक्य मी सात वेळा वाचलं. मग दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि खाली बसून राहिले. अम्मी आतून ओरडली, “क्या हुआ गे, कौन मरा?” म्हटलं, कोणी मेलं नाही, एक माणूस मोठा झाला.

कानाला सलाम म्हणे.

जानेवारीत दोन वर्षं होतील. शनिवारची सकाळची शाळा होती. दुसरीचा वर्ग, पस्तीस पोरं, आणि दारात तुमचा पुतण्या शिवशरण नवा शर्ट घालून उभा. तुम्ही माझ्या मांडीसमोरची पेटी उचलून त्याच्यापुढं ठेवलीत आणि पोरांना ऐकू जाईल असं म्हणालात, “मिस्त्र्याची लेक मिस्त्रीच ऱ्हानार. हात चालतेत, कान न्हाय.” मिस्त्री म्हणजे माझे अब्बा, फकरुद्दीन. शाळा निघाली तेव्हा एकही पेटी नव्हती, त्या वर्षी सागवानाची पेटी स्वतः बांधून डोक्यावर घेऊन आले होते ते. त्यांना जाऊन तेव्हा चाळीस दिवससुद्धा झाले नव्हते. घरात पाहुणे होते आणि मी सुतकी तोंडानं शाळेत येत होते, कारण पोरांची हजेरी चुकू नये.

हजेरीचं तरी कौतुक कुणाचं, सांगा. गावोगावचे लोक ती बघायला येतात. पहिलं पोर षड्जावर ‘हजर’ म्हणतं, दुसरं रिषभावर, तिसरं गंधारावर, असं चढत वरच्या षड्जापर्यंत जायचं आणि उतरत यायचं. कुणी गैरहजर असलं की पुढच्यानं त्याचा सूर उचलायचा. सगळे म्हणतात उमाशंकर सरांची कल्पना. कल्पना तुमचीच, ते मी नाकारत नाही. पण पेटीवर बसून एकेका पोराला त्याच्या सुरावर नेऊन सोडायचं काम सहा वर्षं कुणी केलं? पाढे तालात बसवले तुम्ही, खरं आहे. सात साते एकोणपन्नासला सम कुणाच्या हातानं येत होती?

त्या शनिवारच्या आधी काय झालं ते इथं लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्हाला काहीही विचारलं तरी तुम्ही “हां हां, बरं बरं” म्हणून ठेवून देता. का, ते मी ओळखून आहे. तुमचा डावा कान पूर्ण गेलेला आहे आणि उजवा जेमतेम उरलाय. आणि सलाम कुणाला, तर त्या कानाला! हे अजून दुसऱ्या कुणाला माहीत नाही. अजून.

मिनाज फकरुद्दीन


परंडा,
१९ डिसेंबर २०२४

उमाशंकर सर,

चौदा दिवस झाले, उत्तर नाही. घाबरलात की फाडून टाकलंत? फाडलं असेल तर हेही फाडा, पण आधी वाचा. यात माझीच मान आहे, आणि सुरी तुमच्या हातात देते आहे. तरीही लिहिते, कारण तुम्ही सुखानं झोपता हे मला सहन होत नाही.

तो गंधार मी लावलाय. आणि चांगला व्हावा म्हणून नाही लावला.

तुम्ही पेटी कधी उघडून बघितली नाहीत म्हणून सांगते. आत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना आम्ही सूरच म्हणतो. सूर टोकाशी घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो. केसाएवढं घासलं तरी फरक पडतो. काढून टाकल्यावरही तुम्ही मला महिनाअखेरपर्यंत राहायला सांगितलं होतं, शिवशरणला पेट्या समजावून द्यायला. त्या आठवड्यात रोज मधल्या सुट्टीत पोरं खिचडीच्या रांगेत असताना मी एक पेटी उघडायची. शाळा काळी चारमध्ये गाते, म्हणजे चौथी काळी पट्टी हा षड्ज, आणि गंधार पुढची पांढरी एक. चार पेट्या, प्रत्येकीत त्या पट्टीचे दोन सूर. आठही सूर मी बुडाशी घासले. एकच घासला असता तर दोघांत फरक पडून आवाजात लाट ऐकू आली असती आणि शिवशरणसारख्यालाही कळलं असतं. दोन्ही सारखे उतरवले की चूक सापडत नाही.

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. पोरांनी वर्षभर खोटा गंधार घोकावा, तुम्ही त्यांना घेऊन कुठल्या तरी मोठ्या स्टेजवर जावं, आणि तिथं कानवाल्या लोकांनी तुमच्या तोंडावर हसावं. पोरांचं काय होईल याचा विचार केला नाही. केला होता, पण बाजूला सारला. तो महिना मी माणसात नव्हते.

पण एक चूक झाली. घासताना मी ऐकत होते.

दुसरं काय करणार? सवयच तशी. दोन घासा, सूर बसवा, भाता दाबा, ऐका. अब्बांनी लहानपणापासून तेच शिकवलं. पेटीला सगळ्या पट्ट्यांत वाजायचं असतं म्हणून तिच्या प्रत्येक सुरात थोडी तडजोड असते, आणि गंधार बिचारा जरा चढाच ठेवावा लागतो. पण तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार निघतो. तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो, आणि तोच खरा. अब्बा मला तासन्‌तास तंबोऱ्यापाशी बसवून तो ऐकवायचे. “सुन बेटी, बुलाए बगैर आता है वो.” मी पेटीचा सूर बिघडवायला बसले, आणि हात घासत घासत बरोबर तिथं येऊन थांबला. आठही वेळा. मला वाटलं, पुरेसा बिघडला. मनात एवढा कचरा होता, की कानाला बरं वाटतंय म्हणून हात थांबला हे कळलंच नाही. ते मला ती बातमी वाचताना कळलं.

म्हणजे बघा. मी तुमचं वाटोळं करायला गेले आणि तुमच्या गळ्यात हार घालून आले. असा सूड उभ्या जिल्ह्यात कुणी घेतला नसेल.

आता मला माझा गंधार परत पाहिजे. गावासमोर, पोरांसमोर तुम्ही उभं राहून सांगायचं, की या शाळेत कान मिनाजला होता, मला नव्हता. एवढंच. नाही सांगितलंत तर मी परीक्षकांना लिहीन. त्यात माझंही नाव खराब होईल. होऊ दे.

मिनाज


परंडा,
३ जानेवारी २०२५

सर,

तुम्ही नाही लिहिलंत, पण इरम्माचा फोन आला. ती आधी पाच मिनिटं कन्नडमध्ये रडली, मग मराठीत.

एक. जुन्या चारही पेट्या देऊन शिवशरणनं सोलापूरच्या दुकानातून नव्या दोन आणल्या. चारही. म्हणजे अब्बांनी बांधलेलीसुद्धा. तुम्ही सही केलीत का त्यावर? वाचून केलीत? त्या पेटीच्या भात्याच्या आत अब्बांनी माझ्या हाताचा पंजा रंगात बुडवून उमटवला होता, मी चार वर्षांची असताना. आता तो कुठल्या तरी गोदामात धूळ खात पडला असेल. याचं काय करू ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा बघा.

दोन. पोरांना नव्या पेटीवर गाता येत नाही. षड्ज जमतो, रिषभ जमतो आणि गंधारावर आलं की सगळा वर्ग अडखळतो. पोरं खाली, पेटी वर. शिवशरण म्हणतो, “पोरं बिघडल्याती, नंबर आल्यापासून माज आलाय.” नवी कोरी पेटी चूक असूच शकत नाही म्हणे. इरम्मानं खिडकीतून बघितलं, तो पट्टी हातात घेऊन बसतो आणि गंधार चुकला की टेबलावर आपटतो.

तीन. हे ऐकून माझं डोकं फिरलं. शाहिस्ताला समूहातून काढलं. ती चौथीत आहे ना आता? पहिलीपासून हजेरीत तिसरी, कारण वरची दोन पोरं कधी दांडी मारत नाहीत. पहिलीपासून गंधार तिचा. शिवशरण तिला वर्गासमोर म्हणाला, “तू बेसूर हायस, मागं जाऊन टाळ्या वाजीव.” पोरगी दोन दिवस शाळेत आली नाही.

सर, त्या पोरीचा गंधार परीक्षकानं पेपरात छापून आणलाय. ती बेसूर नाही. मी आठ सूर घासले त्याची शिक्षा तिला मिळते आहे. एवढं तरी वाचून तुम्हाला काही होतं का? मला झालं. ‘रात्रभर झोप लागली नाही’ असलं काही लिहिणार नाही, पण दुपारचं जेवण गेलं नाही.

चार. सव्वीस जानेवारीला स्नेहसंमेलन, आणि तेच परीक्षक प्रमुख पाहुणे. आणि तुम्ही इरम्माला म्हणालात, “मिनाजला म्हनावं, येऊन पेट्या बघ.” स्वतः लिहायला हात झडले होते का? खिचडीवाल्या बाईच्या तोंडून निरोप! काम अडलं की मिस्त्रीण आठवते.

येते. पण फुकट नाही, आणि पैशानंही नाही. अटी लिहून ठेवा.

पहिली, शाहिस्ता तिच्या जागेवर, पहिल्या रांगेत. दुसरी, शिवशरणनं पेटीला हात लावायचा नाही. तिसरी तुम्हाला माहीत आहे. संमेलनात, माइकवर, पाहुण्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं. ‘मला ऐकू येत नाही’ हे शब्द त्यात आले पाहिजेत. गोलमाल चालणार नाही. लोक आधी तुमच्याकडं बघतील, मग एकमेकांकडं. ते बघायला मी तीन गाड्या बदलून येईन.

मिनाज


परंडा,
१४ जानेवारी २०२५

सर,

आज संक्रांत. लोक गोड बोलतात म्हणून मुद्दाम आजच लिहायला बसले.

तुमचं कार्ड मिळालं. दीड महिन्यात तीन पत्रं लिहिली, त्यावर तुमची एकच ओळ: ‘तिन्ही अटी मान्य. त्या दिवशी तुम्ही हसलात, बाई.’ खाली सही, आणि तीसुद्धा सुवाच्य. माझं दुसरं पत्र तुमच्याकडं आहे. ते संस्थेपुढं ठेवलंत तर जिल्ह्यातलं एकही भजनी मंडळ मला पेटी देणार नाही. त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. नुसतं, तुम्ही हसलात.

कार्ड घेऊन दिवसभर भांडत होते तुमच्याशी. अम्मीला वाटलं गिऱ्हाईक आलंय.

ठीक आहे. पहिल्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. त्या शनिवारच्या आधीचा बुधवार. तुम्ही दुसरीची हजेरी घेत होता, मी पेटीवर. शाहिस्ताचा घसा बसला होता. तिची पाळी आली, तिनं तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज काहीच नाही. नुसती हवा. तुम्ही तिच्या ओठांकडं बघत होता. वहीत खूण केलीत आणि म्हणालात, “व्वा! गंधार पक्का.”

आणि मी हसले. गालात नाही. खळखळून हसले. अब्बा गेल्यावर पहिल्यांदा हसले असेन आणि ते नेमकं तिथं. तुम्ही हसणं ऐकलं नाहीत, बघितलंत. आधी माझ्याकडं, मग शाहिस्ताकडं. शाहिस्ता रडायला लागली. तिला वाटलं मी तिला हसले. तुमचा चेहरा पांढरा पडला आणि तेव्हा मला कळलं की तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला कळलं हे तुम्हालाही कळलं.

नवल एकाच गोष्टीचं. पस्तीस पोरांतलं एकही हसलं नाही. तेव्हा त्याचा विचार केला नाही.

मी पोरीला जवळ घ्यायला हवं होतं. तुमच्या खोलीत येऊन दार लावून विचारायला हवं होतं, सर, केव्हापासून? मी दोन्ही केलं नाही. उलट घरी जाऊन अम्मीला नक्कल करून दाखवली. म्हणजे मी निर्मळ नाही, हे लिहून देते. घ्या. पण म्हणून तुम्ही माझ्या बापाला मिस्त्री म्हणून हिणवावं? पस्तीस पोरांसमोर? मी तुमच्या कानाला हसले, तुम्ही माझ्या मेलेल्या बापापर्यंत गेलात. ही दोन्ही पारडी सारखी नाहीत आणि मी ती सारखी होऊ देणार नाही.

तिसरी अट कायम. चोवीसला येते. नव्या पेट्या ऑफिसात ठेवा, कानशी माझ्या मी आणीन. राहायची सोय करू नका, इरम्माकडं उतरेन.

तिळगूळ पाठवू नका.

मिनाज


परंडा,
२९ जानेवारी २०२५

उमाशंकर सर,

तुम्ही तिथंच होता, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं, मग हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला जे ऐकू आलं नाही ते सांगायला लिहिते आहे. दुसरं कुणी सांगणार नाही.

चोवीसला शिवशरण दारात आडवा उभा राहिला, हे तुम्ही बघितलंत. काय म्हणाला ते सांगते. “नव्या पेटीला कानस लावनार व्हय? पोरं सुधरायची सोडून पेटी बिघडवनार?” मी म्हटलं, “पोरं बरोबर हायेत. चूक पेटीचीच हाय.” तो म्हणाला, “हे कुटं लिवलंय?” मी सांगितलं, माझ्या कानात. तुम्ही मागं उभे होता, काहीच ऐकू आलं नसावं, तरी त्याला हातानं बाजूला सारलंत. तेव्हा माझ्या मनात आलं, म्हातारा चेहरे वाचतो. हे काही कौतुक नाही, नोंद आहे.

दोन पेट्या, चार सूर. या वेळी मी बिघडवायला बसले नव्हते, म्हणून जास्त वेळ लागला. शाहिस्ता शेजारी येऊन बसली. मी तिला गंधार म्हणायला सांगितला आणि तिच्या गळ्याला सूर जुळवला. चौथा सूर बसला तेव्हा ती म्हणाली, “बाई, आता आली घरी.” पेटीला म्हणाली, का मला, ते विचारलं नाही.

मग मी तिला म्हटलं, दोन वर्षांपूर्वी मी तुला हसले नव्हते. ती म्हणाली, “ठावं हाय. सरांना हसला तुमी.” आणि पेटीवरची धूळ ओढणीनं पुसत बसली. मला वाटलं होतं तिचं मन हलकं होईल. माझी मान खाली गेली.

आता सव्वीसचं.

झेंडा झाला, कवायत झाली, पाहुण्यांचा सत्कार झाला. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पेटीवर, पोरं तीन रांगांत. तुम्ही माइकपाशी गेलात. खरं सांगते, मला आनंद होत होता. दोन वर्षं मी हा क्षण मनात घोळवत होते. तुम्ही म्हणालात, “मला ऐकू येत न्हाय. डाव्या कानानं काहीच न्हाय, उजव्यानं जेमतेम. चार साल झाली. ज्या गंधाराचं पावन्यांनी कौतिक केलं, तो म्या लावला न्हाय. तो मिनाजबाईंनी लावला. कान त्यांचा हाय, आनि त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचा. त्यांना म्या या पोरांसमोर वंगाळ बोललो.”

वडिलांचं मी अटीत लिहिलं नव्हतं. ते तुम्ही आपल्या मनानं घातलंत. आणि तो गंधार मी का लावला होता, ते सांगितलं नाहीत. मी वाट बघत होते. माझं पत्र तुमच्या कोटाच्या खिशात होतं, कड दिसत होती. तुम्ही खिशाला हात लावलात, कोट सारखा केलात आणि गप्प राहिलात. त्या गप्प बसण्याचा मला किती संताप आला म्हणून सांगू! माझ्यावर उपकार करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

मी लोकांकडं बघत होते. आता कुजबुज होईल, आता माना वळतील. काही नाही. पाहुणे तेवढे चकित झाले. बाकी कुणीच नाही.

आणि पहिल्या रांगेतून शाहिस्ता काय म्हणाली, ते तुम्हाला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, “ठावं हाय की, सर.”

मग दुसरीतलं एक बारकं पोर म्हणालं, “मलाबी ठावं हाय.” मग रांगेत सगळीकडं तेच सुरू झालं. ठावं हाय, ठावं हाय. इरम्मा हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, “अय्यो, सगळ्या मुरुमला ठावं हाय.” सर, सगळ्यांना माहीत होतं. पहिलीत पोर आलं की मोठी पोरं त्याला शिकवतात, सरांपुढं तोंड मोठं उघडायचं, उजव्या बाजूनं बोलायचं, घंटा झाली की सरांच्या टेबलावर दोनदा हात आपटायचा. तुम्ही चार वर्षं लपवलंत आणि शंभर-सव्वाशे पोरांनी तुमचं लपवणं लपवलं. अख्ख्या गावात एकटी मीच होते जिला माहीत नव्हतं, आणि जी हसली. मी जगासमोर फोडायला निघाले होते ते गुपित पहिलीच्या पोरांच्या दप्तरात होतं.

मला तिथंच उठून निघून जावंसं वाटलं. पण तुम्ही हजेरीची वही उघडली होती.

पाहुण्यांना हजेरी ऐकवायची म्हणून तुम्ही चौथीची नावं घेतलीत. मी षड्ज धरला. पहिल्या पोरानं ‘हजर’ म्हटलं ते असं, की पेटीचा आवाजच नाहीसा झाला. दुसरं त्याहून वर. शाहिस्तानं, माझ्या शाहिस्तानं, डोळे मिटून, मुठी आवळून असा काही गळा फोडला की गंधार कुठल्या कुठं गेला. आता सरांनी सांगूनच टाकलंय तर मोठ्यांदा म्हणायला काय हरकत, एवढाच त्यांचा हिशोब. एकामागून एक, अख्खा वर्ग तुमच्या उजव्या कानाकडं तोंड करून ओरडत होता. दोन दिवस घासून लावलेले माझे चार सूर कुणाच्या कामी आले नाहीत. आणि तुमच्या चेहऱ्यावर हसू येत गेलं. तुम्हाला ऐकू येत होतं. सूर नसेल, पण आवाज येत होता.

वही मिटून तुम्ही माझ्याकडं वळलात आणि माइकवरच विचारलंत, “बाई, सुरात व्हती का पोरं?”

परीक्षक माझ्याकडं बघत होते. सूर सुटल्याचं त्यांना कळलं होतं. शाहिस्ता बघत होती, कपाळावर घाम. आत्ताच तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या कानाची ग्वाही दिली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा माझा शब्द त्या अंगणात शेवटचा होता, आणि तो मान मी मागून, धमकावून, तीन गाड्या बदलून मिळवला होता.

मी म्हटलं, “व्हय सर. सगळी सुरात.”

खोटं बोलले मी. एकही पोर सुरात नव्हतं. शाहिस्ता तर पार मध्यमाच्या पुढं गेली होती. सुराबद्दल अब्बा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण लागली नसेल त्या पेटीला लागली म्हणायचे नाहीत. आणि मी गावासमोर, त्यांच्याच नावाचा मान झाल्यावर पाच मिनिटांत खोटं बोलले, तेही तुमच्यासाठी. याचा राग मला त्या शनिवारच्या रागापेक्षा मोठा आहे, आणि तो कुणावर काढू तेही कळत नाही.

निघताना तुम्ही विचारलंत, परत येणार का. मी उत्तर न देता गाडीत बसले. माफ केलेलं नाही, ते आधी नीट समजून घ्या. अब्बांची पेटी परत आणायला शिवशरण सोलापूरला जाईल, आणि मिळेपर्यंत तिथंच राहील.

सोमवारी पहिल्या गाडीनं निघते. हजेरीला मी पेटीवर बसणार आणि कोणतं पोर कुठं चुकलं ते रोज तुम्हाला लिहून देणार. वाचायला चष्मा जवळ ठेवा. शाहिस्ताचं नाव पहिल्याच दिवशी येईल.

मिनाज फकरुद्दीन